व्यायामाचा इरादा आणि त्याची मोजदाद



महाविद्यालयात शिकणारी मुलेमुली व्यायाम का करीत नाहीत, असा प्रश्न कोणी विचारला, तर आपल्यापैकी बहुतेकांच्या जिभेवर त्याचे उत्तर आधीच तयार असते. मुले आळशी झाली आहेत, हातातल्या मोबाइलने त्यांना जागेला खिळवून ठेवले आहे आणि आमच्या वेळी असे नव्हते, एवढे बोलून वडीलधारी मंडळी मोकळी होतात. या बोलण्यात तथ्य मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु साक्षीपुरावा न घेता दिलेल्या फैसल्यावर शहाण्या माणसाने फार विसंबू नये. विद्यार्थ्याच्या मनात आणि त्याच्या भोवतालच्या माणसांत अशा कोणत्या गोष्टी आहेत, की ज्या त्याला मैदानाकडे नेतात किंवा मैदानाच्या फाटकापासून परत फिरवतात, याची शक्य तितकी काटेकोर मोजदाद करण्याचे काम मानसशास्त्रज्ञांनी गेली कित्येक दशके चालविले आहे. ही मोजणी कशी होते, तिच्यातून काय हाती लागले आणि आपल्या घरातल्या किंवा वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग कसा होईल, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

विद्यार्थिदशेचीच एवढी चौकशी कशासाठी, अशी शंका साहजिक आहे. कारण विशीतल्या माणसाला रोग होत नाहीत, अशी आपली समजूत असते. या शंकेचे उत्तर अमेरिकेतील डॉक्टर राल्फ पॅफेनबार्गर यांनी दिले. १९१६ ते १९५० या काळात हार्वर्ड विद्यापीठात दाखल झालेल्या सुमारे १७,००० पुरुषांची जुनी दप्तरे त्यांनी काढली, पुढील आयुष्यात ती माणसे किती चालतात, किती जिने चढतात, काय खेळतात हे पत्राने विचारून घेतले, आणि त्यांच्यापैकी कोणाला हृदयविकाराने गाठले याचा मेळ घातला. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाने अनेकांना चकित केले. विद्यापीठाच्या संघातून गाजलेला, परंतु पदवीनंतर खुर्चीला चिकटून बसलेला खेळाडू हा आपल्या जुन्या पराक्रमाच्या बळावर सुरक्षित राहिलेला दिसला नाही. उलट, विद्यार्थी असताना ज्याने कधी चेंडूला हात लावला नव्हता, पण पुढे ज्याने अंगमेहनतीची सवय जोडली, त्याचा धोका कमी झालेला आढळला. कपाटात किती चषक मांडले आहेत याला म्हणून फारसे महत्त्व नाही. पदवीबरोबर विद्यार्थी कोणती सवय आणि कोणते मन घेऊन बाहेर पडतो, यावर पुढचे बरेच काही ठरते. मोजायचे आहे ते हेच मन, आणि म्हणून काम अवघड आहे.

पहिली अडचण तर व्यायामाच्या मोजणीतच येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटे दमछाक करणारा व्यायाम करावा. पण अमुक विद्यार्थी तेवढा करतो की नाही, हे कळावे कसे? सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्यालाच विचारणे. त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक आंतरराष्ट्रीय प्रश्नावली आहे. गेल्या सात दिवसांत जोरकस श्रम किती केले, मध्यम किती केले, चाललात किती आणि बसून किती वेळ काढला, एवढेच तिच्या संक्षिप्त रूपात विचारतात. बारा देशांत तिची कसून परीक्षा झाली आणि २००३ साली निकाल बाहेर आला. तीच प्रश्नावली त्याच माणसाला काही दिवसांनी पुन्हा दिली, तर दोन्ही वेळच्या उत्तरांचा मेळ सुमारे ०.८ इतका चांगला बसला. १ म्हणजे पुरता मेळ आणि ० म्हणजे काहीच मेळ नाही, असे समजावे. पण तीच उत्तरे कमरेला बांधलेल्या हालचालमापक यंत्राच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा मेळ ०.३ च्या आसपास घसरला. याचा सरळ अर्थ असा, की माणूस आपल्या व्यायामाविषयी दोन्ही वेळा जवळपास एकच सांगतो, मात्र जे सांगतो ते त्याच्या हातापायांना फारसे मान्य नसते.

यात लबाडी असतेच असे नाही. गेल्या मंगळवारी आपण किती मिनिटे चाललो, हे सांगणे तुम्हांआम्हांलाही कठीण जाईल. पण स्मृतीच्या दोषाखेरीज आणखी एक दोष असतो. चारचौघांत बरे दिसेल तेच सांगण्याची माणसाची ओढ. १९६० साली क्राउन आणि मार्लो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ३३ विधानांची एक कसोटी केवळ ही ओढ मोजण्यासाठी तयार केली. मी कधीच कोणावर चिडत नाही, या धर्तीच्या विधानांना जो बेधडक हो म्हणतो, त्याची व्यायामाची उत्तरेही थोडी सावधपणेच घ्यावीत, असा तिचा हिशेब आहे. जोखण्यापूर्वी तराजूतला पासंग किती आहे हे बघून घ्यावे, त्यातलाच हा प्रकार. यंत्र वापरले म्हणजे सारे प्रश्न सुटले, असेही नाही. मनगटावर यंत्र चढले की पहिले काही दिवस माणूस मुद्दाम जास्त चालतो, आणि म्हणून सुरुवातीच्या नोंदी काही संशोधक जमेतच धरीत नाहीत. आणि जाता जाता सांगतो, दिवसाला १०,००० पावले हा जो आकडा आज घरोघर मंत्रासारखा जपला जातो, तो काही वैद्यकाच्या प्रयोगशाळेतून निघालेला नाही; १९६५ च्या सुमारास जपानमधील एका कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले, त्याच्या नावातच तो होता. आकडा वाईट नाही, पण त्याची वंशावळ माहीत असावी.

आता मनाकडे वळू. मनातला कल मोजण्याची आज रूढ असलेली रीत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन संशोधकाने १९३२ साली मांडली, आणि गंमत अशी, की त्यासाठी त्यांनी ज्यांची मते गोळा केली तेही विद्यापीठातले विद्यार्थीच होते. एक विधान द्यायचे आणि पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत अशा पाच पायऱ्यांपैकी एकीवर खूण करायला सांगायची, ही ती रीत. आपल्यापैकी अनेकांनी कोणत्या ना कोणत्या अर्जावर ती भरली असेल. एकाच विधानावर भरवसा ठेवणे धोक्याचे म्हणून एकाच गोष्टीविषयी पाचदहा विधाने वेगवेगळ्या अंगांनी विचारतात, आणि ती एकमेकांशी सुसंगत बोलतात की नाही हे गणिताने पडताळून पाहतात. त्या गणिताच्या खोलात आज आपण शिरणार नाही.

व्यायामाच्या संदर्भात ही विधाने कशाविषयी असावीत? आयसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने १९९१ साली सविस्तर मांडलेल्या उपपत्तीचा या क्षेत्रात मोठा दबदबा आहे. माणसाची कृती त्याच्या इराद्यातून निघते, आणि इरादा तीन गोष्टींतून बनतो, असे ती सांगते. त्या कृतीविषयी त्याला स्वतःला काय वाटते, ज्यांना तो मानतो त्या माणसांना काय वाटते असे त्याला वाटते, आणि ती कृती आपल्या आवाक्यातली आहे असे तो समजतो की नाही. रचना सुबक आहे, आणि पुष्कळ अंशी खरीही ठरली आहे. २००१ साली अशा १८५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा माणसामाणसांच्या इराद्यांत जो फरक पडतो त्याचा ३९ टक्के भाग या उपपत्तीने उलगडला. प्रत्यक्ष कृतीतल्या फरकाचा मात्र २७ टक्केच. आणि त्या तीन गोष्टींत सर्वांत दुबळी ठरली ती दुसरी, म्हणजे इतर माणसांचे मत.

लोक काय म्हणतील या एका वाक्यावर ज्या समाजात अर्धी लग्ने ठरतात आणि उरलेली मोडतात, त्या समाजातल्या श्रोत्यांना हा निष्कर्ष पटायला जड जाईल. तो मलाही जसाच्या तसा मान्य नाही, आणि खुद्द आढावा घेणाऱ्यांनीही या दुबळेपणाचा काही दोष मोजण्याच्या पद्धतीवर ठेवला आहे. तुमच्या जवळच्या माणसांना तुम्ही व्यायाम करावा असे वाटते का, असा मोघम प्रश्न विचारला तर कोणता विद्यार्थी नाही म्हणेल? कोणत्या आईला आपल्या लेकराने धडधाकट असू नये असे वाटते? इच्छा सगळ्यांचीच असते. विचारायचे ते, त्या माणसांनी प्रत्यक्षात केले काय, हे.

अमेरिकेतील सॅन डिएगो येथील संशोधक जेम्स सॅलिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली श्रेणी, म्हणजे गुण देऊन भरायची प्रश्नावली, मला फार शहाणपणाची वाटते, ती यासाठी. ती मते विचारीतच नाही. गेल्या तीन महिन्यांत तुमच्या घरच्यांनी, आणि वेगळ्या रकान्यात तुमच्या मित्रांनी, पुढील गोष्टी किती वेळा केल्या, एवढेच ती विचारते. तुमच्याबरोबर व्यायाम केला का? येतोस का, चल, असे म्हटले का? तुमच्याबरोबर निघता यावे म्हणून स्वतःची वेळ बदलली का? आज जाणार आहेस ना, अशी आठवण केली का? तुम्हांला सवड मिळावी म्हणून तुमच्या वाटणीचे घरकाम उचलले का? तुमचा वेळ जातो म्हणून कुरकुर केली का? थट्टा केली का? कधीच नाही इथपासून फार वेळा इथपर्यंत एक ते पाच गुण.

यातला घरकामाचा प्रश्न आपल्या घरांत नेऊन पाहा. सकाळचे कॉलेज, दुपारी क्लास आणि संध्याकाळी घरी आल्यावर कणीक मळायची, धाकट्याचा अभ्यास घ्यायचा, पाणी भरायचे, अशा क्रमात राहणाऱ्या मुलीला फिरायला जात जा हो, असे दहा वेळा सांगणारी माणसे घरात असतात. पण तू जा, कणीक आज मी मळतो, असे म्हणणारा भाऊ किंवा बाप किती घरांत असतो? मोघम प्रश्नावलीत या मुलीच्या घराला पैकीच्या पैकी गुण मिळतील. सॅलिस यांच्या श्रेणीत त्या रकान्यात एक गुण पडेल, आणि तोच खरा असेल. आपल्याकडे ही श्रेणी वापरायची तर मात्र ती जशीच्या तशी उचलून चालणार नाही. एकत्र कुटुंबातली आजी, खोलीतला जोडीदार, वसतिगृहाच्या रेक्टर, मेसचे वेळापत्रक यांनाही तिच्यात जागा करून द्यावी लागेल. आणि ती इथल्या मुलांवर पुन्हा पारखून घ्यावी लागेल.

याच श्रेणीत एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. कोणते प्रश्न एकमेकांबरोबर चालतात, हे संख्याशास्त्राने तपासले, तेव्हा घरच्यांची कुरकुर आणि थट्टा हे प्रश्न अपेक्षेप्रमाणे एका गटात गेले. पण व्यायाम केल्याबद्दल घरच्यांनी बक्षीस दिले का, हा प्रश्न सोबतीच्या आणि प्रोत्साहनाच्या गटात न बसता त्या कुरकुरीच्याच शेजारी जाऊन बसला. म्हणजे बक्षीस देणारे घर आणि टोमणे मारणारे घर ही दिसायला विरुद्ध, पण जातीने एकच असावीत, असे मला त्यावरून वाटते. दोन्हींत घरचे लोक बाहेर उभे राहून मुलावर नजर ठेवतात, त्याच्याबरोबर निघत कोणीच नाही. दहा किलो वजन उतरव, तुला नवा फोन घेऊन देतो, असे म्हणणाऱ्या वडिलांनी याचा विचार करावा.

बाहेरून आलेले कारण किती काळ पुरते, याचा दाखला आपल्या डोळ्यांसमोर रोज पहाटे धावत असतो. जिल्ह्याजिल्ह्याच्या मैदानांवर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर अंतर घड्याळ लावून कापीत असतात. त्यांच्याइतकी निष्ठा शहरी व्यायामशाळांत क्वचित दिसते. परंतु भरती झाली, किंवा वय उलटून गेले, की त्यांतल्या अनेकांचे धावणे तिथेच थांबते, कारण धावणे हे नोकरीसाठी होते आणि नोकरीचा निकाल लागला. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेचे प्रकार पाडले ते याच भेदावर. आणि त्यांच्या आधारे वेल्समधील बँगर येथील संशोधकांनी १९९७ साली जी प्रश्नावली केली, ती माणूस व्यायाम करतो की नाही याच्यापेक्षा कशासाठी करतो, याचा शोध घेते. दुसऱ्याच्या धाकाने, आपल्याच मनाच्या टोचणीने, फायदा पटला म्हणून, की त्यात आनंद वाटतो म्हणून? पहिल्या दोन कारणांवर सुरू झालेला व्यायाम वाया जातो असे नव्हे. पण टिकायचा तर तो पुढच्या दोहोंपैकी एकाकडे सरकावा लागतो.

मनाच्या आणखी एका शक्तीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली तिचे विवेचन केले. आपण तिला स्वतःच्या सामर्थ्यावरचा विश्वास म्हणू. माझ्यात सामर्थ्य आहे काय, असे हिच्या मापनात ढोबळपणे विचारीत नाहीत, तर अडचणी समोर ठेवून विचारतात. दिवसभर दमून आल्यावरही जमेल का? मन उदास असताना? घरचे लोक जास्त वेळ मागत असताना? सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून? सॅलिस यांनी १९८८ साली केलेल्या श्रेणीत एक प्रश्न असाही आहे, की व्यायाम करता यावा म्हणून तुम्ही वाचन किंवा अभ्यास थोडा कमी करू शकाल, असा तुम्हांला कितपत भरवसा वाटतो? पुण्याच्या अभ्यासिकांत सकाळी सातला जागा धरून रात्री दहाला उठणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराला हा प्रश्न विचारून पाहावा. तो हसेल, आणि त्याच्या त्या हसण्यातच त्याचा गुणांक कळून येईल. अभ्यासातून अर्धा तास काढणे म्हणजे आईबापांचा विश्वासघात, अशी ज्याची भावना झालेली आहे, त्याला व्यायामाचे फायदे समजावून सांगण्यात काय हशील? त्याला ते तोंडपाठ असतात.

मुलींच्या बाबतीत आणखी एक माप घ्यावे लागते. १९८९ साली हार्ट, लिअरी आणि रेजेस्की या संशोधकांनी बारा विधानांची एक श्रेणी प्रसिद्ध केली. आपल्या शरीराकडे इतर लोक पाहतात, त्याची पारख करतात, या जाणिवेने माणसाला किती अस्वस्थ वाटते, ते ती मोजते. ही अस्वस्थता मुलांनाही असते, आणि सडपातळ मुलगे ती बोलून दाखवीत नाहीत एवढेच. परंतु मैदानाच्या कठड्यावर बसलेल्या टोळक्यासमोरून फेऱ्या मारणे, किंवा आरशांनी मढवलेल्या खोलीत पिळदार दंडांच्या गर्दीत पहिल्यांदा पाऊल टाकणे, हे अठरा वर्षांच्या मुलीला किती अवघड वाटते, याची कल्पना ज्यांनी ती मैदाने आखली त्यांना नसावी. अशा मुलीला आपण आळशी म्हणतो. ती बिचारी खोलीत दार लावून सूर्यनमस्कार घालीत असेल, तर आपल्या हजेरीपटावर तिची नोंदही होत नाही. आपल्या तालमींनी पुष्कळ गोष्टी शास्त्राच्या आधी ओळखल्या होत्या. वस्तादाची नजर, ठरलेला जोडीदार, ठरलेली वेळ आणि दोन दिवस न दिसल्यास घरी येणारा निरोप, हे सारे त्या श्रेण्यांतले उत्तमोत्तम गुण तिथे आपोआप जमा होत. पण त्या तांबड्या मातीत मुलींना जागा जवळजवळ नव्हतीच, हेही त्याच तोंडाने कबूल केले पाहिजे.

आता ज्या प्रयोगासाठी मी आपल्याला इथवर आणले, त्याकडे येतो. पण आधी त्याची पार्श्वभूमी. तेवीस देशांतील १९,००० हून अधिक विद्यार्थ्यांची एक पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. फुरसतीच्या वेळात काहीच व्यायाम न करणाऱ्यांचे प्रमाण तिच्यात वायव्य युरोप आणि अमेरिका येथे सरासरी २३ टक्के, तर विकसनशील देशांत ४४ टक्के निघाले. आणि हालचालीचा हृदयविकाराशी संबंध आहे हे ठाऊक असलेले विद्यार्थी होते अवघे ४० ते ६० टक्के. हे आकडे ऐकल्याबरोबर आपल्या मनात व्याख्यानमाला, भित्तिपत्रके आणि निबंधस्पर्धा यांची तजवीज सुरू होते. पण जरा थांबावे. इंग्लंडमधील बाथ येथे मिल्न, ऑर्बेल आणि शीरन या संशोधकांनी २४८ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला आहे. एका गटाला काहीच विशेष दिले नाही. दुसऱ्याला हृदयविकार आणि व्यायामाचे लाभ यांविषयी प्रभावी मजकूर वाचायला दिला. तिसऱ्याला तोच मजकूर दिला, आणि शिवाय येत्या आठवड्यात मी कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या जागी व्यायाम करीन, हे वाक्य स्वतःच्या हाताने पुरे करून घेतले. आठवड्यात एकदा वीस मिनिटे कसून व्यायाम, एवढीच अपेक्षा होती. पहिल्या गटात ती ३८ टक्क्यांनी पुरी केली. मजकूर वाचलेल्या दुसऱ्या गटात ३५ टक्क्यांनी. तिसऱ्यात ९१ टक्क्यांनी.

उपदेशाने इरादा वाढला होता. व्यायाम मात्र वाढला नाही. दिवस, वेळ आणि जागा यांची नोंद झाल्यावर तो वाढला. हा प्रयोग एकाच आठवड्याचा होता, आणि व्यायाम केला की नाही हे विद्यार्थ्यांनीच सांगितलेले होते. सुरुवातीला सांगितलेली तोंडी हिशेबाची सारी व्यंगे त्यालाही लागू आहेत, आणि वर्षभर असाच फरक टिकेल अशी हमी कोणी देऊ नये. तरीही ३५ आणि ९१ यांत जे अंतर पडले, ते केवळ बढाईने भरून निघण्याजोगे नाही, असे माझे मत आहे. दुसरीही एक सावधगिरी या साऱ्या मोजणीत बाळगावी लागते. ज्याचे मित्र व्यायाम करतात तो स्वतःही करतो, असे तक्त्यात दिसले, म्हणून मित्रांमुळे तो करू लागला असे सिद्ध होत नाही. धावणाऱ्यांची गाठ धावण्याच्या वाटेवरच पडते, आणि मैत्री मागाहून होते, हेही शक्य आहे. एकदाच घेतलेली प्रश्नावली याचा निवाडा करू शकत नाही. त्यासाठी तीच माणसे पुन्हा पुन्हा गाठावी लागतात, आणि परीक्षा, सुट्ट्या व बदलती वसतिगृहे यांमुळे विद्यार्थी हा हाताला न लागणारा प्राणी आहे, हे कोणत्याही संशोधकाला विचारावे.

आता या मापनाचा घरगुती उपयोग. जो विद्यार्थी हे ऐकत असेल, त्याने पहिले दोन आठवडे आपल्या वागण्यात काहीही बदल न करता, रोज रात्री वहीत एवढेच लिहावे, की आज किती मिनिटे चाललो, धावलो किंवा खेळलो, कोणाबरोबर, आणि न केल्यास नेमके कोणते कारण आड आले. लाज वाटली तरी खरे लिहावे. ही वही कोणाला दाखवायची नाही. पंधरवड्यानंतर ती पाने उलटली, की आड येणारे कारण बहुधा एकच असून तेच पुन्हा पुन्हा आलेले दिसेल. मग पुढच्या आठवड्याचे दिवस, वेळ आणि जागा लिहून, हे मला जमेल असा भरवसा दहापैकी किती वाटतो, तो आकडा शेजारी टाकावा. तो सातच्या खाली असेल, तर स्वतःला दोष देण्याऐवजी बेतच लहान करावा. एका तासाचा अर्धा, पाच दिवसांचे दोन. भरवसा हा सफल झालेल्या लहान बेतांवर वाढतो, फसलेल्या भव्य संकल्पांनी तो खचतो. जोडीदार मिळाल्यास उत्तमच. पण त्याचा वेग तुमच्याहून फार वेगळा नसावा. ज्यांना दमा, हृदयाचा दोष किंवा चक्कर येण्याची तक्रार असेल, त्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

घरच्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती थोडक्यात आहे. बक्षिसे जाहीर करू नका, शेजारच्या मुलाचा दाखला देऊ नका, वजनावर बोलणे तर पुरते सोडा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्याच्या किंवा तिच्या वाटणीचे एखादे काम स्वतःकडे घ्या, आणि जमले तर चपला घालून बरोबर निघा. परीक्षेच्या महिन्यातही.

आणि महाविद्यालयांच्या चालकांना एक शब्द. विद्यार्थ्यांकडून जिमखान्याची फी आपण दरसाल घेता, आणि पुष्कळ ठिकाणी जिमखान्याच्या खोलीची किल्ली शिपायाच्या खिशात असते, आणि शिपाई पाच वाजता घरी जातो. नवी यंत्रे खरेदी करण्याचा ठराव मंजूर करण्यापूर्वी, वर्षाच्या आरंभी आणि पुन्हा फेब्रुवारीत, नाव न विचारता एक साधी प्रश्नावली आपल्या विद्यार्थ्यांकडून भरून घ्या. व्यायामाची जागा त्यांना कोणत्या वेळी उघडी हवी आहे, तिथे जाताना कोणाची भीती किंवा लाज वाटते, बरोबर कोणी येते का, आणि मुलींना कपडे बदलायला जागा आहे का, हे तीत विचारा. उत्तरे आल्यावर यंत्रांची यादी बाजूला ठेवून आधी मैदानावर दिवे लावावेत, मुलींसाठी वेळ राखून ठेवावी आणि जिमखान्याची किल्ली रात्री आठपर्यंत जाग्यावर राहील अशी व्यवस्था करावी, एवढी माझी आपल्याला विनंती आहे.